खिशातला कांदा

वर्धा मध्यप्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. छातीत कळ येऊन गेली आणि डॉक्टरांनी मला खाटेवरच ठेवलं. आमच्या ओसरीवरच्या खाटेवरून जाम गावाकडचा रस्ता दिसे. रोज त्या रस्त्याने पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा धोतर खोचून, उलट्या वाऱ्यात उभ्याने सायकल हाणत जायचा. एकदा तो पाणी प्यायला थांबला आणि मला काय झालंय ते त्याने विचारून घेतलं.

“मलेबी कळ आलती भाऊ,” तो म्हणाला. “पडून राह्यलो तं रातंदिस छातीचीच धडधड आयकू ये. आता सायकलच्या चेनीची आयकतो.”

निघताना त्याने ऊन लागू नये म्हणून खिशात बाळगलेला कांदा माझ्या हातात ठेवला.

“मला कशाला? मी कुठं जातो?”

“जासान ना!”

हळूहळू मी उठलो. आता मीही म्हातारा झालो, उभ्याने सायकल हाणतो. दर उन्हाळ्यात खिशातला कांदा नवा असतो, पण मी तो त्याचाच मानतो.