आदल्या दिवशीची सुई

माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं परदेशी जाणं मी मोडलं. चुकून नव्हे, ठरवून. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून काहीही बोलता आलं असतं, तेव्हाही नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला साधेपणा समजतात. समजू देत आलो.

सुरुवात ताईच्या लग्नापासून करावी लागेल. आम्ही अंबरनाथ पूर्वेला चाळीत राहायचो, वडील कारखान्यात. ताईला कुळगावात दिली. घर शेतीवाडीचं, नवरा उल्हासनगरच्या एका रबरी चपलांच्या कारखान्यात मशीनवर. आमच्यात लग्नात कानपिळीचा मान असतो. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान धरून पिळायचा. बहिणीला नीट सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. नवऱ्याने हसून घ्यायचं आणि मेहुण्याला शर्टपीस द्यायचा.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मागून मित्रांचं चाललेलं, "असा पिळ, की रात्री मुंडावळ्या काढताना आठवण झाली पाहिजे." मी पिळला. जरा जास्तच पिळला, खोटं का बोला. भावजी ताडकन उठले आणि भर मांडवात माझ्या कानाखाली वाजवली. ताशेवाला थांबला. बायकांच्या बाजूने कोणीतरी खुदकन हसलं. वडील धावत आले. मला वाटलं, माझ्यासाठी आले. त्यांनी माझी मान धरून खाली दाबली.

"पाया पड. आधी पाया पड त्यांच्या."

पडलो. शर्टपीस माझ्या पाठीवर टाकण्यात आला.

एवढ्यावर संपलं असतं तर मीही विसरलो असतो, कदाचित. पण तिथून माझं नावच पडलं. सणावाराला गेलो की ओटीवरूनच हाक, "आले कानपिळे! बायांनो, कुड्या सांभाळा." माझं लग्न ठरवायला माणसं आली, त्यांच्यासमोरही भावजी म्हणाले, "पाहुणे, पोरगा गुणाचा आहे. फक्त कान झाकून बसा." सगळे हसले. होणारे सासरेही हसले. मीही हसलो. अशा प्रत्येक हसण्याने माझ्या तोंडात जी चव यायची ती मी बरीच वर्षं चघळत होतो. याला एकदा चारचौघांत खाली मान घालायला लावीन, एवढं एकच मागणं होतं माझं. देवापुढे उभा राहिलो तरी तेच यायचं मनात.

नव्वदनंतरची गोष्ट. मी उल्हासनगरला कॅम्पात एका सिंधी सेठच्या तिकिटांच्या दुकानात लागलो होतो. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं करायचो. कॅम्पातल्या दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी हाँगकाँगला, जकार्ताला, नाहीतर आफ्रिकेत दुकान टाकून बसलेलं. सेठ म्हणायचे, "पासपोर्ट एक का बनता है, जाता पूरा खानदान है." मी स्वतः कुठे गेलो नव्हतो, पण कुठल्या देशात काय लागतं ते मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं.

एके दिवशी भावजी दुकानाच्या पायरीवर. चपला बाहेर काढून आत आले. आमच्या दुकानात चपला कोणी काढत नसे.

"अरे, जरा काम होतं तुझ्याकडे."

कानपिळे नाही, काही नाही. नुसतं अरे.

त्यांच्या मालकाचा चुलतभाऊ घानाला चपलांचा कारखाना घालत होता. मशीन चालवून दाखवायला, माणसं शिकवायला इथला कारागीर हवा होता. भावजींची निवड झाली होती. पहिलं वर्ष एकट्याने, मग बायको आणि मुलीला बोलावून घ्यायचं. कारखान्याच्या आवारातच राहायला खोली. कागदपत्रं आमच्याच दुकानातून होणार होती.

"मला तर तो देश कुठल्या अंगाला आहे तेही माहीत नाही," ते म्हणाले. "तूच बघ बाबा सगळं."

बघतो म्हटलं.

मग रविवारी कुळगावला बैठका सुरू झाल्या. भाचीच्या शाळेचा नकाशा ओटीवर पसरायचा, भावजी घानावर बोट ठेवायचे, आणि शेजारपाजारची माणसं वाकून बघायची. ताईची सासू विचारायची, "तिथं भात मिलतो का रं?" मिळतो म्हटलं. "न् मासली?" तीही मिळते. "मग इथंच काय वाईट हाय?" म्हातारी म्हणायची, आणि सगळे हसायचे. बांगड्याचं लोणचं किती न्यायचं, सुकट विमानात वास मारेल का, कोकम बाटलीत न्यावं की सुकवून, सगळं माझ्या शब्दावर ठरायचं. भावजी माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

एका रविवारी ते म्हणाले, "कोट शिवायला टाकतोय. परदेश म्हणजे थंडी."

घाना विषुववृत्ताला लागून आहे. तिथे आपल्यापेक्षाही घामाघूम व्हायला होतं. नकाशा आमच्या दोघांच्या मधे पसरलेला होता आणि ती रेघ मला दिसत होती. मी म्हटलं, "लोकरीचाच शिवा. हलकं कापड तिथे टिकत नाही."

पुढच्या आठवड्यात गेलो तर ताई भर उन्हाळ्यात, माजघरात पत्र्याखाली बसून स्वेटर विणत होती. कपाळावरचा घाम लोकरीवर पडू नये म्हणून खांद्याला फडकं टाकलेलं. मी पाहिलं आणि म्हटलं, "गळा उंच ठेव."

त्याच दुपारी तिने मला मागच्या दारी गाठलं. तिच्या सासरी साखरेचा डबा सासूच्या खोलीत असायचा, कुलपात. चहा करायचा तर आधी किल्ली मागायची, आणि किल्लीबरोबर काहीतरी ऐकून घ्यायचं. हे मला माहीत होतं. त्या दिवशी ताई म्हणाली, "एक वर्ष कसंही काढते. मग तिथे माझी चूल माझी असेल रे. कोणाला न विचारता चहा करीन. दोनदा करीन."

मी म्हटलं, "तो तुला धड वागवतो का तरी?"

"वाईट नाहीये तो. आईपुढे तोंड उघडत नाही, एवढंच. तू त्याचं काम नीट कर हं."

म्हणजे बघा, मला माहीत होतं. ताईची सुटका त्या तिकिटाला बांधलेली आहे हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पुढे मी जे केलं ते हे ऐकल्यावर केलं.

आफ्रिकेतल्या त्या भागात जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती मुंबईत एकदोन ठिकाणीच मिळायची, तीही ठरलेल्या वारी. एक बाटली फोडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसं जमल्याशिवाय फोडत नसत. लस टोचली की एक पिवळं कार्ड मिळतं. पण ते कार्ड लागू व्हायला दहा दिवस जावे लागतात. त्याआधी विमानात घेत नाहीत. सेठ येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे, "सुई पहले, बाकी सब बाद में." मीही प्रत्येकाला तेच सांगायचो. दुकानात सुईचं काम माझ्याकडेच होतं.

भावजींनी विचारलं, "ती सुई कधी घेऊ?"

मी म्हटलं, "निघायच्या आदल्या दिवशी."

"इतक्या उशिरा?"

"ताजी असली की तिचा जोर असतो. शिळी सुई तिकडचे लोक धरत नाहीत."

मग त्यांचा चेहरा उजळला. "मासळीसारखं म्हणजे."

"हां. तसंच."

आणखी एक पढवलं. "सुई टोचतात तिथे कोणी विचारलं कधी निघणार, तर पुढच्या महिन्यात म्हणा. उद्या म्हटलं तर रांगेतून बाहेर काढतात." कार्डावर तारखा इंग्रजीत असायच्या. त्या घरात इंग्रजी वाचणारा मीच.

हे बोलून टाकल्यावर बरेच दिवस हातात होते. कधीही सांगता आलं असतं, की भावजी, चुकलं माझं, उद्याच जा. ते दोनदा दुकानात विचारायलाही आले, "आता घेऊ का?" दोन्ही वेळा म्हटलं, "थांबा." दुसऱ्या वेळी ते वळून पायऱ्या उतरत होते आणि मला त्यांच्या मानेची मागची बाजू दिसत होती. मला आठवतं, मी खूश होतो. रात्री झोप चांगली लागायची त्या दिवसांत.

दुपारचं विमान होतं. सकाळी कुळगावात औक्षण झालं, नारळ फुटला, गावातला टेम्पो भरून माणसं सहार विमानतळावर गेली. भावजींच्या अंगात कोट, कोटाच्या आत स्वेटर, गळ्यात झेंडूचे हार. मी गेलो नाही. दुकान सोडता येत नाही म्हटलं. पण संध्याकाळी मुद्दाम कुळगावला गेलो. मला तोंड बघायचं होतं.

ते ओटीवर बसले होते. कोट अंगात तसाच, एक हार अजून गळ्यात. घामाने कॉलर काळी झालेली. टेम्पोतून उतरलेली माणसं घरी जायला तयार नव्हती.

"काय रं, घाना एवढा जवल हाय व्हय?"

"शटल रिक्षा असंल, जाऊन-येऊन."

"आमच्यासाठी काय आनलास?"

तिथून त्यांचं नाव पडलं, घानावाला. पोरंसोरं हाक मारू लागली. मला जे हवं होतं ते मला हवं त्याहून जास्त मिळालं. आत स्वयंपाकघरात ताई होती. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता. मी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सेठनी मला आणि भावजींना समोर उभं केलं. घानाला कारखाना घालणारा तो कारखानदारही येऊन बसला होता. सेठ माझ्यावर कडाडले, "सुई का काम किसका था? बोल ना! आदमी एअरपोर्ट से वापस आया, मेरी दुकान की इज्जत गयी."

नोकरी गेली असं समजूनच उभा होतो. भावजी म्हणाले, "सेठ, ह्याने वेळेवर सांगितलं होतं. मीच टाळलं. मला सुईची भीती वाटते."

एवढा दणकट माणूस. सेठ आणि कारखानदार एकमेकांकडे बघून हसले. प्रकरण माझ्यापुरतं मिटलं.

खाली रस्त्यावर आलो. आता हे मला मारणार, अशी माझी खात्री होती. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "नोकरी सांभाळ. लग्न तोंडावर आलंय तुझं." आणि स्टेशनकडे चालू लागले. विमानतळावरच्या माणसाने त्यांना दहा दिवसांचा नियम सांगितला असणारच. त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. इतकं खरं, की त्यानंतर त्यांनी मला फक्त नावाने हाक मारली. आणि मला त्यांचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला. मी त्यांना पाडलं होतं, आणि पडल्या पडल्या त्यांनी माझ्यावर उपकार करून ठेवले होते.

दहा दिवस थांबून पुन्हा जाता आलं असतं. मीही मनात हाच हिशेब धरला होता, की एकदा तोंड काळं होऊ दे, मग जाईल पुढच्या विमानाने. ताईचं काही बिघडत नाही. पण कारखानदार ऐकेना. "नई फॅक्टरी का पहला आदमी. हार पहन के निकला और उलटे पाँव आया. अब उसको नहीं भेजूँगा, साईं, अपशगुन है." कुळगावातही म्हाताऱ्यांनी तेच म्हटलं, सीमेवरून माघारी फिरलेल्या माणसाने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. हार घालून टेम्पो भरून नेलं नसतं तर कोणाला शकुन-अपशकुन सुचलाही नसता. ही गोष्ट मला कळायला हवी होती. मी त्यांच्यातलाच होतो.

त्यांच्या जागी अंबरनाथचा दुसरा कारागीर गेला. त्याची सुई मी वेळेवर करून दिली. वर्षाने त्याची बायको गेली. तिचं तिकीटही मीच काढलं.

ताई कुळगावातच राहिली. सासू खूप वर्षं जगली. साखरेच्या डब्याची किल्ली ताईच्या हातात आली तेव्हा तिचे केस पिकले होते आणि तिला गोड बंद झालं होतं. ती कधी कोणाला बोलली नाही. घाना हा शब्द निघाला की एवढंच म्हणायची, नशिबात नव्हतं.

परवाच्या भाऊबीजेला माझी मुलगी तिच्या शेजारी बसून बाहेरगावच्या नोकरीच्या गोष्टी करत होती. ताईने तिचा हात थोपटला. "तुझ्या बाबांना विचारत जा. त्यांना सगळं बरोबर माहीत असतं. आमचंही सगळं त्यांनीच केलं होतं." पलीकडे भावजी बातम्या बघत होते. त्यांनी आवाज थोडा वाढवला. मी ताटातला लाडू अर्धा खाऊन ठेवला.

ती चपराक आठवली की माझा कान आजही तापतो. राग पूर्ण गेलेला नाही, हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर हीही अर्धवट कबुली होईल. पण त्या रागाचा हिशेब भावजींशी होता, आणि वसुली मी ताईकडून केली.

तिच्यासमोर बसून, भावजींच्या देखत, सुई आदल्या दिवशी घ्यायला मी सांगितलं होतं आणि का सांगितलं होतं, एवढं बोलणं मी तिला अजून देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.