निळ्या लुगड्याचं गाणं

जगात अशी एकही वस्तू नसेल, जी आमच्या मामेसासऱ्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली नाही. दुधाचा कॅन, कलिंगड, एसटीचा पत्रा, देवळाचं दार, ग्रामपंचायतीची नवी भिंत, सगळ्यांवर त्यांची टकटक होऊन गेलेली आहे. आणि तीही कशीतरी नाही. आधी दोन अगदी जवळजवळ, मग श्वासभर थांबून एक. टक-टक, टक. माझी बायको तिच्या मामांकडेच वाढली, त्यामुळे मुलगी पाहायला मी नेकनूरजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. पोहे पुढ्यात यायच्या आधीच हे गृहस्थ मागून आले, माझ्या पाठीवर टक-टक, टक केलं आणि आत निरोप धाडला, "भरीव हाय. द्या पोरगी." नोकरी, पगार, घरदार यांची चौकशी सगळी नंतर झाली.

"मागून आले" हे मी उगाच लिहिलेलं नाही. मामा आयुष्यात कुठंही पुढून आलेले नाहीत. ते गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घ्यायच्या कामावर होते आणि सोसायटीचं सगळं त्यांच्याच जिवावर चालायचं, पण वार्षिक सभेत त्यांना शोधायचं तर लाउडस्पीकरवाल्याच्या पाठीमागे पाहावं लागे. एकदा त्यांचा सत्कार ठरला. नाव पुकारल्यावर मामा स्टेजवर गेले खरे, पण सरळ चेअरमनच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, आणि नारळ द्यायला चेअरमनलाच उठून मागे वळावं लागलं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामांचा फक्त डावा कान आहे. तो त्यांचाच आहे हे बायको शपथेवर सांगते.

कान मात्र भलता तिखट. गावच्या पिठाच्या गिरणीसमोरून जाताना थबकायचे आणि म्हणायचे, "आज उतरलीय ही." गिरणीवाला चिडून विचारायचा, "मामा, दळण बारीक येतंय ना? मंग कावून नावं ठिवता?" मामा म्हणायचे, "दळण लई ब्येस हाय. गिरणी बेसूर हाय." गिरणीवाल्यानं या एका कारणावरून त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता.

या माणसाच्या वाट्याला मामी आल्या त्या त्यांच्यासारख्याच कसलेल्या. मामी प्रेमळ, कष्टाळू, दारात आलेल्याला उपाशी न पाठवणाऱ्या. पण नवऱ्यानं हात लावलेली एकही गोष्ट त्यांना पसंत पडायची नाही. मामांनी आणलेली वांगी किडकी, मामांनी बांधलेलं दावं सैल, मामांनी सांगितलेला निरोप अर्धवट. मामा हे सगळं अशा समाधानानं ऐकायचे, जणू रेडिओवर बातम्या लागल्यात. तरुणपणी ते काही वर्षं पुण्याला "कंपनीत" होते आणि एका दुष्काळात, भाऊ ऊसतोडीला गेल्यावर, म्हाताऱ्या वडलांसाठी परत आले, एवढंच घरात ठाऊक होतं. कसली कंपनी, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या कंपनीतही मामींना खोट दिसायचीच.

आता थोडं माझ्याबद्दल. गाण्यातलं मला कळतं, असं माझं ठाम मत आहे. ते दुसऱ्या कुणाचं नाही, पण बहुमत लागतं ते सोसायटीच्या निवडणुकीत, मताला नव्हे. तर अशा या जाणकारानं नेकनूरच्या आठवडी बाजारात एक जुना टेपरेकॉर्डर घेतला. विकणारा म्हणाला, "कडक माल हाय साहेब. वर कॅसेट फुकट." ती फुकट का, ते घरी आल्यावर कळलं. ती आत अडकलेली होती. बटण दाबा, ठोका, देवाचं नाव घ्या, झाकण उघडत नव्हतं. त्यामुळे माझ्याकडं आता जन्मभर एकच कॅसेट ऐकणारं यंत्र होतं. झाकणाच्या काचेतून लेबल वाचता यायचं. फेटा बांधलेल्या गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक, 'गीत व चाल: पारंपरिक'.

लावली. लग्नातलं गाणं निघालं, आमच्या भागात प्रत्येक हळदीला लाउडस्पीकरवर वाजणारं: 'निळं लुगडं बांधावर, वाट कुणाची बघतंय गं.' मांडवातल्या गोंगाटात मी ते शंभरदा ऐकलं असेल, पण शांत घरात पहिल्यांदाच. गायकाच्या पाठीमागे एक गिटार होती. कडवं संपलं की ती अशी काही बोलायची की गायक थांबला ते बरं झालं, असं वाटावं. मी मागे फिरवून पुन्हा लावली, आणि या वेळी गाण्याच्याही आधी, गिटारच्या लाकडावर कुणीतरी हलकेच वाजवलेलं ऐकू आलं. टक-टक, टक.

मी उठून दाराकडे पाहिलं. खरंच वाटलं, मामा आले.

ते साल मोठ्या दुष्काळाचं होतं. सोसायटीत दूध येणं थांबलं होतं, कॅन पालथे पडले होते, आणि मामा-मामी आपल्या दोन म्हशी घेऊन दूध संघानं उघडलेल्या चारा छावणीत राहायला गेले होते. रविवारी मी टेपरेकॉर्डर घेऊन तिथं थडकलो. मामांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं आणि लेबल दाखवलं. मामांनी ते वाचलं, काचेवर टकटक केली.

"पारंपरिक म्हंजे मीच," ते म्हणाले. "गाण्याची कंपनी व्हती ती. गिटार बी कंपनीचीच. पाठीमागं बसून वाजवायचं काम. हे गाणं मातर माझं हाय. पुण्याला गेलतो तवा तुमची मामी बांधावर हुबी व्हती, एसटी दिसायची बंद होस्तवर. तेच लिवलं."

मी आनंदानं ओरडणारच होतो. छावणीभर सांगू, पेपरात देऊ, मामींना तर आत्ताच सांगू. मामांनी माझा हात घट्ट धरला. एवढा घाबरलेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"तिला सांगू नका जावईबापू. धार काढताना ती रोज हेच गाणं म्हणती. माझं हाय म्हणलं की खोट काढील. जगात तेवढी एकच वस्तू हाय, माझी असून तिला पसंत हाय."

मी शब्द दिला. गाण्यातलं कळणाऱ्या माणसाला असा शब्द देणं किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

पण यंत्र तर सगळ्यांना दिसलंच होतं. चहा झाल्यावर मामी म्हणाल्या, "लावा की." नाही कसं म्हणणार? म्हशीपुढं वैरण टाकत त्या उभ्या होत्या. मी बटण दाबलं. टक-टक, टक. मामींचा वैरणीचा हात तिथंच थांबला. मांडवात आणि रेडिओवर त्यांनी फक्त गाणं ऐकलेलं. ही टकटक मात्र त्या रोज आपल्या दारावर ऐकत आल्या होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं, पदरानं हात पुसले आणि म्हशीला सांगावं तसं म्हणाल्या, "गाणं लई ग्वाड हाय. पण ज्यानं लिवलं त्याला काय डोळे न्हवते. निळं कुठलं? हिरवं व्हतं माझं लुगडं."

मामा हेही नेहमीसारखं बातम्यांगत ऐकून घेतील, असं मी धरून चाललो होतो. पण ही खोट वांग्यातली नव्हती, दाव्यातली नव्हती. ती गाण्यातली होती. मामांचं तोंड लाल झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते चार पावलं पुढं आले.

"हिरवं चालीत बसंना!" ते ओरडले. "एक मात्रा वाढत व्हती! म्या काय करू?"

आणि मग आपण काय बोलून बसलो, ते त्यांना कळलं. शेजारच्या दावणीची माणसंसुद्धा पाहू लागली. मामींनी पदर नीट केला. मला वाटलं, आता बरसतील.

"मंग तवाच सांगायचं न्हाई का," मामी हळूच म्हणाल्या. "निळं घेतलं असतं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "आवंदा काय जमायचं न्हाई. पाऊस पडू दे, मंग घेऊ."

मामांनी मान हलवली. त्यांच्या बोटांना गिटार लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यांनी जवळचा रिकामा कॅन ओढून घेतला, मामींच्या थोडं मागे सरकून बसले आणि त्यावर वाजवलं, टक-टक, टक. मामींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. निळंच म्हणाल्या.