माळकरणीच्या ताटातलं चीज

"वासराचं पोट खाऊ घातलंस मला! आरं, वासराचं पोट!"

आई ओरडत होती. तिच्या हातात सांडशी, सांडशीत तवा, तव्यात कालची बाजरीची भाकरी, भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर नुकतंच वितळून बुडबुडे यायला लागलेलं चीज. मी मळ्यात शेवंतीला पाणी भरत होतो. हा आवाज ऐकून मी पाण्याचं बारं तसंच उघडं सोडलं आणि पळत सुटलो. पाणी परस्पर शेजारच्यांच्या कोथिंबिरीत गेलं. आमच्या आईचा आवाज म्हणजे काय, हे नाशकात कुणाला सांगायला नको. एकदा तिनं गोठ्यातून मला हाक मारली, तर ओझरला उतरायला निघालेलं विमान दोन घिरट्या जास्त घालून गेलं. वैमानिकाला वाटलं, खालून कुणीतरी नको म्हणतंय.

स्वयंपाकघराच्या दारात शेजारच्या मळ्यातल्या मावशी उभ्या होत्या. हातात मोबाइल, चेहऱ्यावर दुःख. पण दुःख असं की जेवणानंतर बडीशेप खावी तसं चवीनं चघळत होत्या.

"मी आपलं सांगायचं काम केलं," त्या मला म्हणाल्या. "आक्का आपल्या माळकरी. अजाणता पाप नको घडायला. बघ की व्हिडिओ."

व्हिडिओत एक माणूस रागारागानं सांगत होता की चीज करताना दुधात वासराच्या पोटातला रस घालतात, तेव्हा ते दूध नासतं. बाकी काही नाही. मागं ढोल वाजत होते.

आता हे चीज आमच्या घरात कसं शिरलं ते सांगितलं पाहिजे. आईला मागच्या पावसाळ्यात ताप आला आणि त्या तापानं तिच्या तोंडाची चवच पळवून नेली. भात नको, भाकरी नको, पेज तर बघायलाही नको. बाई वाळत वाळत इतकी वाळली की फुलांच्या क्रेटमध्ये उभी केली असती तर व्यापाऱ्यानं शेवंतीची काडी म्हणून वजनात धरली असती. एका दुपारी मी मुगाच्या गरम खिचडीवर चीज किसून टाकलं, वर तूप सोडलं आणि ताट पुढे केलं. आईनं एक घास घेतला. दुसरा घेतला. मग ताट पुसून घेतलं ते असं की बायकोला घासायचं कामच राहिलं नाही.

"काय हाय रे हे?"

"दुधाचंच आहे."

"मग ठीक हाय."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. शिळ्या भाकरीवर ठेचा आणि चीज, वर झाकण. उकडलेला बटाटा आणि कांदा घातलेलं थालीपीठ, पोटात चीज. आणि तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलेला एक प्रकार: तव्यावरच्या गरम पोळीत गूळ आणि चीज चुरून गुंडाळायचं. मी हसलो होतो. मग खाल्लं, आणि त्या दिवसापासून हसायचं बंद केलं. तिनं पोळी तोडली की चीजची तार निघायची ती ताटापासून थेट गोठ्यापर्यंत. बायको म्हणायची, एवढ्यावर दोन लुगडी वाळत घालता येतील.

पण ही सगळी मजा एका बाजूला आणि आईची माळ दुसऱ्या बाजूला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस नाही, मासे नाहीत, अंडं घातलेला केकसुद्धा नाही. गावात देवळासमोर दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस, रात्रंदिवस, कुणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभं असतंच. वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. दुपारचा पहारा बायकांचा, आणि त्यातला पहिल्या दिवशीचा पहिला मान आईचा. तो मान म्हणजे तिची जहागीर. वीणेकऱ्याच्या पोटात वर्ज्य काही गेलेलं चालत नाही. गेलंच, तर माळ उतरवायची आणि गुरूकडून नव्यानं घालून घ्यायची. तोवर वीणेला हात नाही.

आणि सप्ताह दुसऱ्या दिवशी बसणार होता.

"आत्या, व्हिडिओतलं चीज परदेशातलं असेल," माझी बायको म्हणाली. ती आईला आत्या म्हणते. तिनं पाकीट उजेडात धरलं. "हे बघा, हिरवा ठिपका आहे. म्हणजे शाकाहारी."

"ठिपका मी बी लावीन," आई म्हणाली. "टिकल्यांच्या दुकानात पाहिजे त्या रंगाचा मिळतो."

"सरकारचा नियम असतो, आत्या."

"रस्त्याचा बी नियम असतो. पाळतो का कोणी?"

आई आता त्या तव्याकडे अशी बघत होती की भाकरीच्या जागी मीच पडलो असतो तर मी स्वतःहून कबुलीजबाब दिला असता. तिनं चीजचा वास घेतला. बोटानं दाबलं. माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "तुला ठावं होतं का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. "लय पटकन म्हणाला," ती म्हणाली.

मग तिनं निकालाची एक रीत काढली. आमच्याकडची गाय दोन महिन्यांपूर्वीच व्यायली होती. आई म्हणाली, ज्यात वासराचं काही असेल त्याला वासराची आई तोंड लावणार नाही. ही परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही, पण आमच्या गोठ्यात त्या दिवशी झाली. आम्ही सगळे गेलो. मावशीही आल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आईनं पाकिटातला कोरा तुकडा तळहातावर ठेवून गायीपुढे धरला.

गायीनं तुकडा खाल्ला. मग पाकीट खाल्लं. मग आईच्या पदराचा काठ खायला घेतला.

"झालं ना समाधान?" मी म्हणालो.

"कसलं समाधान?" आई पदर ओढत म्हणाली. "ही गाय तर मागं तुझ्या लग्नाचा अल्बम बी खाऊन बसली होती."

मावशींनी मान हलवली. "मुक्या जनावराला काय कळतंय, आक्का. मी म्हणते, कशाला जिवाला घोर? यंदा राहू द्या. तुमची तब्येत बी नाय. पहिला पहारा मी धरते, पुढच्या साली तुम्ही धरा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतका उजेड की तेवढ्यावर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला एक अख्खा कारखाना चालला असता. वर्षभर मावशी आमच्या घरी येऊन तेच थालीपीठ खात होत्या. "जरा अजून चीज घाला गं" म्हणत होत्या. त्याही माळकरीच. आणि व्हिडिओ नेमका सप्ताहाच्या आदल्या दिवशी सापडला? मी बायकोकडे पाहिलं. तिनं भुवई उचलली. म्हणजे तिलाही तोच वास आला होता, आणि तो चीजचा नव्हता.

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही पण खाल्लंय की आमच्याकडं."

"मी? मी बटाटा खाल्ला," मावशी म्हणाल्या. "चीज बाजूला काढायचे."

त्या चीज बाजूला काढायच्या. वितळलेलं चीज. थालीपिठाच्या पोटातून. आता मीही माणूस आहे, थोडं वाढवून सांगायची मला सवय आहे, पण एवढं मला कधी जमलं नाही.

संध्याकाळी आई देवळात जायला निघाली. मी गाडी काढली. ती मागं बसली. वाटेत मी एवढंच म्हणालो, "नसेल पटत तर सोड यंदा." मागून माझ्या खांद्यावर तिची बोटं रुतली. अजूनही तिथं खड्डा आहे, कुणालाही दाखवतो.

देवळात पहारे लावणारे बाबा बसले होते. वय एवढं की मारुतीला शेंदूर लावायची सुरुवात त्यांच्यासमोर झाली असावी असं मला नेहमी वाटतं. आणि मावशी आमच्याआधी पोचल्या होत्या. पायी. आम्ही गाडीवर. कुठल्या आडवाटेनं आल्या ते देवाला ठाऊक.

"माउली, काय ऐकतोय मी?" बाबा आईला म्हणाले. "काय खाल्लं म्हणं?"

"चीज, बाबा."

"ते काय असतं?"

"दुधाचं असतं," मी म्हणालो.

"वासराच्या पोटाचं," मावशी म्हणाल्या.

बाबांनी आमच्या दोघांकडे हात केला, म्हणजे गप्प बसा. "दुधाचं का पोटाचं ते मला नाय कळायचं, नि तुम्हाला बी कळलेलं नाय. मी तिला इचारतो." ते आईकडे वळले. "देवाला दाखवलं होतं का?"

आई खाली बघत होती. गळ्यातली माळ तिनं मुठीत घट्ट धरली होती. मावशी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मीही बघत होतो. समईतली वात तेल पिताना ऐकू येत होती.

"नैवेद्य दाखवल्याबिगर मी घास घेते का, बाबा?" आई म्हणाली.

"तुळशीपत्र ठेवलं होतं?"

"रोज."

"चीजवर?"

"चीजवरच."

बाबांनी गुडघ्यावर हात टेकला. "मग ते प्रसाद झालं. प्रसादात काय शोधत बसायचं? देवाला चालत नसतं तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं. त्याला सांगता येतं."

"पण बाबा..." मावशी म्हणाल्या.

"तुम्ही तिसरा पहारा धरा," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं वीणा गळ्यात घेतली. कालच्या घटनेचा एक कणही चेहऱ्यावर नव्हता. मावशी बरोबर समोर बसल्या होत्या, टाळ हातात घेऊन, आणि आईच्या तोंडाकडे असं बघत होत्या जणू आत्ता तिच्या पोटातून एखादं वासरू हंबरेल. ते काही हंबरलं नाही. आईचा आवाज असा लागला की मंडपाच्या कनाती फुगल्या आणि बाहेर चहाच्या टपरीवर कप आपोआप वाजायला लागले.

पहारा संपला, वीणा पुढच्या बाईच्या गळ्यात गेली, आणि मी आईला घ्यायला गाडी घेऊन उभा राहिलो. मला राहवेना. गेल्या वर्षभरात मी तिच्यासाठी किती भाकऱ्या भाजल्या, आणि प्रत्येक वेळी ती तव्यावरूनच उचलून तोंडात घालायची, हात भाजला तरी. देवघर पलीकडच्या खोलीत. तुळस अंगणात.

"आई," मी म्हणालो, "चीजवर तुळस तू नेमकी कधी ठेवायचीस? मला तर एकदाही दिसली नाही."

तिनं पदर खोचला आणि गाडीवर बसली.

"नायतर वीणा तिच्याकडं गेली असती."