चिमीची पिल्लं आणि डॉक्टर सुमनबाई

डॉक्टर सुमनबाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मीही लिहावं, असा त्यांच्या दवाखान्यातून निरोप आला. मी आठवीपर्यंतच शिकलो, सध्या तिरुपूरला कापडाच्या कारखान्यात आहे, सांभाळून घ्यावं.

बाईंची ओळख झाली तेव्हा मी आधीचं काम सोडून बालाघाटजवळच्या भरवेलीला, कॉलनीतल्या घरी आलो होतो. मायची मांजर चिमी गाभण होती, ताप उतरत नव्हता. तिला पिशवीत घालून मोटरसायकलवर बालाघाटला बाईंच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाई आधी माझ्यावरच रागावल्या. "दोन जिवाच्या लेकीले असं कोंबून आणतेत काय रे?" मग रक्त तपासून त्यांनी समजावलं, की चिमीला मांजरांमधला एड्ससारखा आजार आहे. पोटातल्या पिल्लांना तो जाऊ शकतो, पण सगळ्यांना जाईलच असं नाही.

ही गोष्ट कॉलनीभर झाली. व्यालेली मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, तिला कोणी अडवत नाही, अशी आमच्याकडे रीत. पण चिमी व्याली आणि पिल्लू तोंडात धरून निघाली की दारं लागत. शेजारच्या शेवंताकाकू मायला म्हणाल्या, "जंगलात सोडून दे सगळ्यायले. आमच्या लेकरायले लागलं म्हंजे?" माय रडकुंडीला आली. मी बाईंना फोन लावला.

दवाखाना आटोपून बाई स्वतः आल्या. चिमीला मांडीवर घेऊन आमच्या ओसरीवर चहा प्यायल्या.

"माणसाले हे लागत नाही. लागत असतं तं मी कवाचीच बिमार पडली असती."

"मंग पिल्लायले आताच तपासा," काकू म्हणाल्या.

"आता तपासलं तं भरोसा नाही. आजार नसला तरी चिमीकडून आलेल्या त्याच्या खुणा पिल्लायच्या रक्तात दिसतेत. सहा महिने थांबा."

"थांबते. पण एक चहा माह्या घरी घ्या."

"हौ, पण चिमी संग येईन."

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागून बाकीच्यांनीही उघडलं.

पिल्लं तपासली तेव्हा मी तिरुपूरला होतो. मायचा फोन आला, "सगळे चांगले निंघाले रे, फक्त एका बोक्याले आहे." मी लगेच विचारलं,

"मंग त्याचं काय?"

"काय म्हंजे? बाईच घेऊन गेल्या. म्हणे, मले सोबत होईन."

आज तो बोका बाईंच्या खुर्चीत झोपतो आणि बाई उभ्यानं रोगी तपासतात. त्याच्यासाठी त्यांनी नियम केले आहेत: वेळेवर जेवण, भरपूर झोप, भांडण नाही.

बाई, यातले पहिले दोन तुम्हीही पाळा आणि ठणठणीत राहून शंभरी पार करा. तिसरा मात्र पाळू नका. चिमीसारख्यांच्या बाजूनं भांडायला तुम्हीच लागता.