काकूंची लाल रेघ

मुरुडच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकू कागद वाचण्याआधीच लाल पेनाचं टोपण काढायच्या. रेझ्युमे टाइप करून घ्यायला आलेलं माणूस तिथेच अर्धमेलं व्हायचं.

मला आगरदांड्याच्या एका शीतगृहात नोकरी हवी होती. नाही मिळाली तर वैशाखात माझं लग्न उरकायचं, असं आईने ठरवून टाकलेलं. पण आमच्या घरात नमुना एकच ठाऊक, लग्नाच्या बायोडेटाचा! माझ्या कागदावर सगळ्यात वर गणपती, मग रास, रंग गव्हाळ, मामांचं गाव दिघी. काकूंनी सगळ्यावर सरळ रेघ ओढली.

"अगो, मॅनेजर तुला सून करून नेणारे, की कामावर ठेवणारे?"

दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ' होतं, तेही उडालं. "हे तर चोरसुद्धा लिहील. तू काय केलंस ते सांग."

"काही नाही. बीकॉम झाले, घरीच असते."

"घरी म्हणजे?"

"आईबरोबर बंदरावर. लिलावात मासळी घ्यायची, बर्फ लावायचा, टेम्पोत चढवायची. चार वर्षं झाली."

"मग हेच लिहायचं!"

मी हट्टाला पेटले. त्या मासळीच्या वासातून सुटायला तर नोकरी हवी होती! काकूंनी माझं एक न ऐकता टाइप केलं आणि वर दम दिला, "ही ओळ खोडलीस तर माझी पायरी चढू नको."

मुलाखतीत साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "सुरमई संध्याकाळपर्यंत टिकवायची तर बर्फ कसा लावाल?" मी जी सुटले, ती ते "पुरे, पुरे" म्हणाले तेव्हाच थांबले. सोमवारी कामावर रुजू झाले. काकूंनी पेढा खाल्ला आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद ओढला. अशी बाई!

गेल्या वर्षी काकू गेल्या. मी धावत त्यांच्या घरी पोहोचले, तर माझी आई माझ्या आधीच तिथे बसलेली. आईला लिहिता-वाचता येत नाही; कागदावरची ती बंदराची ओळ मीच तिला वाचून दाखवली होती. काकूंच्या लेकीचा हात धरून ती सांगत होती, "पोरीला नोकरी लागली ती तिच्या नशिबानं. पन माझं काम कागदावर चढवनारी हीच येक व्हती गो."