बुधाआबांनी होडीवर मारलेली फुली

भाजे लेण्यांवर लिहा ना, असं तुमच्यापैकी तिघाचौघांनी सुचवलं. लिहिते. पण माझी भाज्याची फेरी १९६०च्या दशकातली, आणि ती आठवली की लेण्यांच्या आधी मला बुधाआबा आठवतात. तेव्हा हे वाचून सहलीचा मूड गेला तर माझ्यावर रागावू नका.

मी तेव्हा कॉलेजात नागरिकशास्त्र शिकत होते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या ताईचे यजमान भाज्याला शाळामास्तर. निवडणुकीच्या कामावर त्यांना टाकवे बुद्रुकला जावं लागलं. ताई घरात एकटी राहणार, म्हणून सोबतीला मी निघाले. पुण्याहून लोणावळ्याची गाडी धरायची आणि मळवलीला उतरायचं. तिकीट रुपयाच्या आत होतं. पुढे अर्धा तास पायी. आजही रिक्षा न करता चालत जा, विसापूरचा किल्ला सतत समोर राहतो. भातखाचरं कापून रिकामी पडली होती, नुसती धसकटं आणि धूळ. मला तर पहिल्या दिवशीच उदास वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी लेण्यांवर न्यायला ताईने बुधाआबांना सांगितलं होतं. साठीचे, डोंगराकडेच्या ठाकरवाडीतले, रानतोडीच्या कामाला जाणारे. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. (पायऱ्या चढताना पाणी सोबत ठेवा.) चैत्यगृहाची कमान बघून मी भारावून गेले. आबा तोवर सावलीत विडी ओढत बसले होते. उतरताना त्यांनी मला रानातून आणलं. तिथे काही झाडांच्या बुंध्यांवर डांबराची फुली होती. ठेकेदाराची खूण, आबांनी सांगितलं. फुली असेल ते झाड पाडायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

मतदान दुसऱ्या दिवशीच होतं. तराजू हे पाटलांच्या माणसाचं चिन्ह आणि होडी त्याच्या विरोधातल्या एका वकिलाचं. वकील वाडीला राहत्या जागेचा कागद करून देतो म्हणत होता. मग प्रश्नच मिटला, मी म्हणाले. आबांनी मान हलवली. वाडीची सगळी खोपटं पाटलांच्या माळावर. सगळ्या वाडीने देवळात बेलभंडारा उचलला होता, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली होती की मत तराजूलाच. शब्द मोडला तर माळ सोडायचा.

“ताई, आमी पक्ष न्हाई बघत,” आबा म्हणाले. “ज्याच्या माळावर आमची चूल पेटती, त्याचं मत. त्यात भंडारा उचललाय. होडीला पाडायचं म्हंजी पाडायचं.”

मी त्यांना मत गुप्त असतं, ते कुणाच्या बापाचं नसतं वगैरे बरंच ऐकवलं. त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि मग आपली अडचण मांडली. मागच्या खेपेला प्रत्येक चिन्हाची पेटी वेगळी होती. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकला की झालं. यंदा म्हणे पेटी एकच, मग करायचं कसं? मास्तर घरी नव्हते, म्हणून मीच सांगितलं. कागदावर सगळी चिन्हं असतील, फुलीचा शिक्का मिळेल, तो मारायचा, कागदाची घडी घालायची आणि ती पेटीत टाकायची. कुठल्या चिन्हावर मारायचा, हे सांगायची मला गरजच वाटली नाही.

मतदानाच्या दिवशी सगळी वाडी धुतलेले कपडे घालून शाळेपुढे रांगेत उभी होती. दुपारी आम्ही तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी खात होतो, तेवढ्यात आबा अंगणात आले. चेहऱ्यावर समाधान.

“समद्यांना मीच समजावलं, ताई. होडीवर फुली मारली. आता पडली ती.”

माझा घास हातातच राहिला. रानातल्या झाडांवरची फुली आठवली आणि काय झालं ते मला तत्काळ कळलं. मतं परत येणार नव्हती, पण पाटलांना त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. मी गेले नाही. खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता. मला होडीच हवी होती.

“बरं झालं, आबा,” मी म्हणाले.

मतदानानंतर तिसऱ्या दिवशी लोणावळ्याला गेले, चिक्की घेतली आणि तिथूनच पुण्याची गाडी पकडली. हे कधी बाहेर येणार नाही, असं वाटेत स्वतःला सांगत राहिले.

पण तेव्हा मोजणी केंद्रवार व्हायची, कुठल्या गावाने कुणाला दिलं ते लपत नसे. तराजू आरामात निवडून आला. भाज्यात मात्र वाडीत जेवढी माणसं, जवळजवळ तेवढी मतं होडीला होती. ताईचं पत्र आलं. पाटलांनी पावसाच्या आत माळ रिकामा करायला सांगितला होता. आबा पुन्हा भंडारा उचलायला तयार होते. ज्याचा एकदा खोटा ठरला त्याच्या हातात परत देत नसतात, असं पाटील म्हणाले.

याहून वाईट गोष्ट पत्राच्या शेवटी होती. आपण शब्द पाळला हे वाडीतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे फसवणारा दुसराच कुणीतरी. आबांना मुलाचा संशय, मुलाला चुलत्यांचा. काही घरं वडिवळ्याकडे गेली, काही कामशेतच्या पुढे. आबांनी मुलाच्या हातचं पाणीसुद्धा सोडलं.

खरं काय ते कळवायला मी कार्ड घेऊन बसले होते. पण मग माझं ‘बरं झालं, आबा’ हेही लिहावं लागलं असतं. ते कार्ड मी फाडून टाकलं.

वर्षभराने भाज्याला गेले तेव्हा आबा नव्हते. मुलगा शाळेजवळ भेटला. माझ्याच वयाचा, अंगठेबहाद्दर.

“म्हातारा शेवटपर्यंत म्हनत हुता, तूच फशिवलंस,” तो म्हणाला.

त्यालाही मी काही सांगितलं नाही. गाडीची वेळ झाली म्हणून निघाले आणि घरी येऊन कुणाशी बोललेही नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे, तेही जिथे तो कधीच वाचणार नाही अशा जागी.