कूलरचा प्लग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लग्नकार्यात जमलेल्या पोरांना भुताच्या गोष्टी सांगायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच असतं, त्यामुळे त्या कशा जुळवतात हे मला पक्कं ठाऊक आहे. ही मात्र मी जुळवलेली नाही...

आम्ही झाशीचेच, लक्ष्मी गेटजवळ राहतो. गेल्या मे महिन्यात चिरगाँवच्या रस्त्यावर एका शाळेत मोफत शिबिर होतं – ज्यांचे आई किंवा वडील वारले, किंवा वेगळे झाले, अशा मुलांसाठी. बायको तिथे चित्रकला शिकवायची आणि मलाही ओढून न्यायची. कारखान्यात मी जन्मभर फायली सरकवल्या, पण "अंकल जी फैक्ट्री वाले हैं" म्हणून कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भर दुपारी लूच्या झळा खात पाइप ओढताना जीव नकोसा व्हायचा.

शिबिरात रिंकी नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. आदल्या उन्हाळ्यात तिचे वडील कूलरमध्ये पाणी भरतानाच करंट लागून गेले. दुपारी बाकीची मुलं हॉलमध्ये झोपायची. ही कूलरच्या भीतीने बाहेर व्हरांड्यात, त्या झळांत बसून राहायची. त्या दिवशी तिला ताप भरला.

"अहो, आज आत झोपली नाही तर तिला घरी पाठवणारेत," बायको म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागली होती पोर."

लाइट गेलेली होती. खिडकीतल्या कूलरमध्ये मी व्हरांड्याच्या बाजूने पाइप सोडला.

"अंकल, प्लग निकाला?" रिंकीने लांबूनच विचारलं.

"लाइट ही नहीं है बेटा, क्या निकालना."

आत जाऊन यायचा कंटाळा, दुसरं काय. शिवाय प्लग सैल होता म्हणून सकाळी मीच तो घट्ट बसवून वर टेप मारली होती.

पंप अडकलाय का बघायला पाण्यात हात घातला... आणि लाइट आली. हॉलमधले पंखे फिरले, पलीकडचा कूलर घरघरायला लागला. माझा गप्प.

आत जाऊन बघतो तर प्लग बाहेर. वायरची नीट गुंडाळी करून कूलरवर ठेवलेली. टेप अलगद सोडवून बोर्डाच्या कडेला चिकटवलेली. मुलं गाढ झोपलेली. दारापाशी बसलेल्या शिबिरातल्या ताई म्हणाल्या, "इधर तो कोई नहीं आया."

रिंकी माझ्यामागे येऊन उभी होती.

"आपने तो निकाला नहीं था."

"नहीं, बेटा."

ती पुढे होऊन त्या गुंडाळीकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "पापा ने भी यही कहा था... लाइट नहीं है."

व्हरांड्यातली आपली चादर आणून ती त्याच कूलरसमोर आडवी झाली, आणि चहापर्यंत झोपली.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन भैयाने प्लग लावून टेस्टर धरला. "चाचाजी, बॉडी में करंट उतर रहा है. आज आपकी फोटो पर माला चढ़ जाती."

"तुम्हीच काढला असेल आणि विसरलात," ही म्हणते. असेलही. माझ्या विसराळूपणाबद्दल घरात कोणाला शंका नाही. पण मी काढला असता तर वायर लोंबत राहिली असती, टेप फाटली असती. इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून...

प्लग कोणी काढला, खरंच माहीत नाही. रिंकी शिबिर संपेपर्यंत राहिली, रोज आत झोपली.